काचेतलं जिवंत पाणी

कॉलेजच्या प्रयोगशाळेत ब्युरेट ही मापाची काचनळी भरली की सर आम्हाला थांबायला सांगतात. पाणी स्थिर होऊ दे, मग वाच. मी थांबते. नळीतलं पाणी हळूहळू शांत होतं, आणि मग अगदी गप्प होतं. शेजारची मैत्रीण रीडिंग लिहून मोकळी झालेली असते. मी त्या गप्प पाण्याकडे बघत राहते आणि मला गंगारामकाका आठवतात. स्थिर पाण्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

त्यांच्याबद्दल लिहावं असं फार दिवस मनात आहे. नीट जमेल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. वडील मुंबईत एका हॉटेलच्या भटारखान्यात आहेत, आई राजापूरकडच्या आमच्या गावात. लिहिणं म्हणजे परीक्षेतलं उत्तर लिहिणं, एवढंच मला येतं. पाच गुणांचं, दहा गुणांचं. गंगारामकाका किती गुणांचे, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

रत्नागिरीच्या बाहेर सड्यावर, कातळी माळावर, आंब्याचा पल्प काढणारा एक कारखाना आहे. दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपल्यावर हंगामापुरती मी तिथल्या लॅबमध्ये लागले. काम सोपं होतं. पल्पची गोडी मोजायची, आणि दिवसातून दोनदा बॉयलरच्या पाण्याचा नमुना आणून त्याचा जडपणा तपासायचा. त्या नमुन्यासाठी हातात बाटली घेऊन मी पहिल्यांदा बॉयलरच्या शेडमध्ये गेले तेव्हा बाहेर वैशाखाचं ऊन इतकं होतं की आत शिरल्यावर क्षणभर काहीच दिसेना. मग हळूहळू एकेक वस्तू अंधारातून वर आली. लाकडांची रास. गेल्या वर्षीच्या वाळलेल्या कोयींचा ढीग, जळणासाठी ठेवलेला. मधोमध काळसर, आडवा, घरच्या पडवीएवढा बॉयलर, आणि त्याचा तो आवाज. आवाज म्हणावा असाही नाही. कोणीतरी मोठं जनावर गाढ झोपलंय आणि आपण त्याच्या श्वासात उभे आहोत, असं वाटायचं.

"चपला बाहेर, बाय."

मी दचकले. बॉयलरच्या तोंडासमोर एका ओंडक्यावर एक उंच, वाळका माणूस बसला होता. खाकी पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, अंगात बनियन, खांद्यावर पंचा. तो माझ्याकडे बघतही नव्हता. बॉयलरच्या पुढच्या बाजूला एक उभी काचेची नळी होती, तिच्यात अर्ध्यापर्यंत पाणी दिसत होतं, आणि तो त्या पाण्याकडे बघत होता.

"देऊळ आहे का हे?" मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

"देऊळ नाय. गोठा हाय. पण गोठ्यात चप्पल घालून गेलीस तर जमीन काय सांगते ते कळत नाय."

मी चपला काढल्या. शेडची कोबा केलेली जमीन कोमट होती, आणि तळव्यांना बारीक, सारखी थरथर लागत होती. पाण्याचा पंप बाहेरच्या भिंतीला लागून होता, त्याची ती थरथर. तो माणूस म्हणजे गंगारामकाका. ते म्हणाले, पंप दुखायला लागला की आधी तळपायाला कळतं, मग कानाला, आणि साहेबाला सगळ्यात शेवटी.

बॉयलरला ते म्हैस म्हणत. पाणी वेळेवर, चारा वेळेवर, आणि तिने लाथ घालायच्या आधी तिचे कान बघायचे. लाकूड टाकताना "हं, घे गो" असं पुटपुटत. कोयी टाकल्या की आत तडतड आवाज होई, तेव्हा म्हणत, "आज तिला गोड लागतंय." जेवायला बसत तेही काचेकडे तोंड करून. तांदळाची भाकरी, सुकट, कधी फणसाची भाजी, आणि प्रत्येक घासामागे एकदा काचेकडे नजर. त्यांनी बॉयलरकडे पाठ केलेली मी कधी पाहिली नाही. शेडमधून बाहेर पडतानासुद्धा ते दोन पावलं उलटे चालत.

"त्या काचेत बघण्यासारखं काय आहे काका?" असं मी एकदा विचारलं.

"बघ तू. काय दिसतं?"

"पाणी."

"काय करतंय?"

मी वाकून बघितलं. पाणी किंचित वरखाली होत होतं. दिव्याची वात वाऱ्याशिवायही हलते ना, तसं.

"थरथरतंय."

"थरथरतंय तोवर जिवंत. आत उकळतंय, तर बाहेर थरथरायला नको? ज्या दिवशी गप्प बसेल त्या दिवशी काच खोटं बोलतेय म्हणून समज."

हे मी वहीत लिहून ठेवलं. का, ते तेव्हा कळलं नव्हतं. अभ्यासाच्या सवयीने लिहिलं असेल.

सव्वीस वर्षं ते त्या बॉयलरपाशी होते, पण कागदोपत्री बॉयलर त्यांचा नव्हता. बॉयलर चालतो तिथे सर्टिफिकेटवाला अटेंडंट हजर असलाच पाहिजे, असा नियम आहे. ते सर्टिफिकेट पवारमामांकडे होतं. पवारमामा सकाळी येत, शेडच्या बाहेर सावलीत खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत, आणि आत गंगारामकाका म्हैस सांभाळत. दोघांचं चांगलं जमे. पण पवारमामांची नजर अधू झाली होती आणि हंगाम संपला की ते निवृत्त होणार होते. साहेबांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरनी, गंगारामकाकांना स्पष्ट सांगितलं होतं की पुढच्या हंगामाच्या आत परीक्षा पास व्हा, नाहीतर बाहेरून माणूस आणावा लागेल, आणि तुम्ही आंब्याचे क्रेट उचलायला यार्डात. साहेब वाईट नव्हते. नियम त्यांनी केलेला नव्हता.

गंगारामकाका आदल्या वर्षी एकदा नापास झाले होते. लेखी कसंबसं निघालं, तोंडीत अडले. ती गोष्ट पवारमामा रंगवून सांगत. कोल्हापूरला परीक्षा होती. परीक्षा घेणाऱ्या साहेबाने विचारलं, पाळी सुरू झाल्यावर पहिलं काम काय करता? गंगारामकाका म्हणाले, चपला काढतो.

"अरे, निदान खोटं तरी बोलायचंस!" पवारमामा वर्तमानपत्र मांडीवर आपटून म्हणत. "सेफ्टी बूट घालतो म्हणायचं. गाइडात पहिल्या पानावर आहे."

"तुमच्याच्याने बोलवतं, मामा. माझ्याच्याने नाय."

"मग बस कोयी जाळत!"

दोघं हसत. पण हसून झाल्यावर गंगारामकाका काचेकडे बघत असले तरी पाण्याकडे बघत नसत, हे मला कळायचं.

तर असं मी त्यांना गाइड वाचून दाखवू लागले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, अर्धा तास. ते कोणी सुचवलं आठवत नाही. प्रश्नोत्तरांचं जुनं गाइड होतं, पिवळी पानं, मधल्या चित्रांवर कोणाच्या तरी हळदीच्या बोटांचे डाग. मला ते काम सोपं वाटलं, कारण गाइड हे माझंच पुस्तक होतं. बारावी मी गाइडवर काढली, कॉलेजची दोन वर्षंही. प्रश्न आला की उत्तर पानाच्या कुठल्या बाजूला आहे ते मला आधी आठवतं, अर्थ नंतर. प्रॅक्टिकलला मी चुकते, पण तोंडी परीक्षेत मी कधी अडत नाही. हे सांगायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

"बाष्पकाच्या जलपातळीदर्शकाचे कार्य स्पष्ट करा," मी वाचलं.

"हा बाष्पक कोण?"

"बॉयलर, काका."

"आणि तो दुसरा?"

"ही काच."

गंगारामकाकांनी काचेकडे बघून हात जोडले. "एवढं मोठं नाव हाय होय तुझं? सांगितलं नाहीस कधी."

त्या दुपारी आता स्वप्नासारख्या वाटतात. बाहेर सगळं पांढरं तळपत असे, सड्यावरचं गवत वाळून सोनेरी झालेलं. समुद्र तिथून दिसत नाही, पण दुपार कलली की त्याचा वारा येतो, आणि कारखान्यातून शिजणाऱ्या पल्पचा दाट, गोड वास त्या वाऱ्यात मिसळून शेडमध्ये शिरे. मी वाचत असे, ते ऐकत असत, मध्येच उठून दोन लाकडं टाकत, परत येऊन बसत. माझा आवाज आणि बॉयलरचा श्वास एकाच लयीत चाललेत असं वाटून मी कधीकधी वाचताना ओळ चुकायची. ते लगेच म्हणत, "मागे जा बाय. काहीतरी सुटलं." कसं कळायचं कोण जाणे.

एका रविवारी त्यांनी मला पाली गावाकडच्या त्यांच्या घरी जेवायला बोलावलं. काकूंनी घावणे केले होते. त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं ते हे, "कारखान्यात तरी बोलतात का गो हे? घरात कुकर लावला की हे चुलीपाशी हजर. दोन शिट्ट्यांच्या मध्ये माझ्याशी एक शब्द बोलत नाहीत. लग्नात सासरा म्हणाला होता, मुलगा शांत आहे. शांत कसला, ऐकत असतो तो!"

"अगो, शिट्टी उशिरा झाली तर?"

"तर डाळ गाळ होईल! आणखी काय होणार?"

गंगारामकाकांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "तिचं बरोबर हाय. पण सवय."

मे महिन्यात ते दुसऱ्यांदा परीक्षेला गेले. पहाटेच्या एसटीने कोल्हापूर, रात्री परत. दुसऱ्या दिवशी मी बाटली घेऊन गेले तर ते ओंडक्यावर बसलेले. मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं.

"सगळी सांगितली गो, तू शिकवलेली. बूट पण सांगितले. मग त्या साहेबाने विचारलान्, काचेत पाणी दिसेनासं झालं तर पहिलं काय कराल? मी म्हटलं, तसं होत नाय साहेब."

"काका!"

"तो म्हणतो, समजा झालं. मी म्हटलं, सव्वीस वर्षांत होऊ दिलं नाय, तर समजू कसं? तो म्हणतो, ठीक आहे, या तुम्ही."

मला हसू आलं आणि लगेच वाईट वाटलं, ते परत नापास झाले होते. त्या प्रश्नापर्यंत आम्ही पोचलोच नव्हतो. तो गाइडच्या शेवटच्या भागात होता, 'आणीबाणीचे प्रसंग' म्हणून. मी पुस्तक उघडलं, पण उत्तर वाचायच्या आधी विचारलं, "पण काका, खरंच झालं तर? तुम्ही काय कराल?"

"काय म्हणजे? पंप लावीन. तहानलेल्या म्हशीला पाणी दाखवायचं, दुसरं काय?"

मी उत्तर वाचलं. वाचताना माझा आवाज बारीक होत गेला. प्रथम आग काढून टाकावी. वाफेचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा. कोणत्याही परिस्थितीत पाणी आत सोडू नये. तापलेल्या उघड्या नळ्यांवर थंड पाणी पडल्यास त्याची एकदम वाफ होऊन बाष्पकाचा स्फोट होण्याचा संभव असतो.

गंगारामकाकांनी माझ्या हातातल्या पानाकडे बघितलं. मग म्हणाले, "परत वाच."

मी परत वाचलं. ते उठले, लाकूड न टाकताच भट्टीचं दार उघडून आत बघितलं, दार लावलं, आणि भिंतीवरच्या पंपाच्या हिरव्या बटणाकडे बघत उभे राहिले. ते बटण इतक्या वेळा दाबलं गेलं होतं की मधला हिरवा रंग जाऊन पांढरं झालं होतं.

"म्हणजे मी मेलो असतो," ते म्हणाले. "बाहेर मामा पण."

"पण तशी वेळ आली नाही ना काका."

"म्हणून तर शिकलो नाय. आली असती तर शिकायला उरलो नसतो." ते ओंडक्यावर येऊन बसले. "कोणी लिहिलान् गो हे पुस्तक?"

मी मुखपृष्ठ बघू लागले.

"नाव नको सांगू. मला वाटायचं, कधी लाकूड टाकलं नाय अशा कोणीतरी बसून लिहिलान्. तसं नाय. ज्यांचे बॉयलर फुटले त्यांनी लिहिलान्."

दुसऱ्या दिवशी त्या गाइडला कव्हर घातलेलं होतं, जुन्या कॅलेंडरच्या पानाचं, गुळगुळीत बाजू आत आणि पांढरी बाहेर. त्यानंतर वाचताना ते मध्ये मध्ये थांबवत आणि विचारत, "हे कोणाचं झालं असेल?" जणू प्रत्येक उत्तरामागे एक माणूस होता आणि त्याची विचारपूस करायला हवी होती. मी तोपर्यंत शेकडो उत्तरं पाठ केली होती. त्यामागे कोणी असेल असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

आता एका दुपारबद्दल. हंगाम अगदी भरात होता, पावसाआधी आंबा संपवायची घाई. गंगारामकाकांनी अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती, काकूंना डॉक्टरकडे न्यायचं होतं. सकाळपासून बॉयलरपाशी पवारमामा होते. मी नमुना घ्यायला गेले तेव्हा ते खुशीत होते.

"आज पाणी काय छान टिकतंय बघ पोरी! सारखा सारखा पंप लावायला नको."

मी काचेकडे बघितलं. अर्ध्याच्या वर पाणी. बॉयलरला दोन काचा असतात, पण दुसरीला आदल्या दिवशी तडा गेला होता, नवी नळी यायची होती, म्हणून ती बंद ठेवली होती. मी बाटली भरली आणि निघाले. मी बघितलं, पण पाहिलं नाही. हे मला आजही लागतं.

दाराशी गंगारामकाका भेटले. डॉक्टरकडून थेट आले होते, इस्त्रीचा शर्ट अंगात. चपला बाहेर काढल्या, आत पाऊल टाकलं, आणि तिथेच थांबले.

"मामा, पंप कधी लावलेला?"

"मघाशी कधीतरी. भरलेली आहे रे काच!"

गंगारामकाका काचेसमोर गेले. खुंटीवरच्या पंच्याने काच पुसली. वाकून बघितलं. मीही बघितलं. पाणी उभं होतं. अगदी गप्प, ब्युरेटमधल्यासारखं, रेघ मारून ठेवल्यासारखं.

"मेलंय हे," ते म्हणाले.

त्यांनी काचेखालची छोटी चावी उघडली. नळीतलं पाणी फुस्सकन निघून गेलं. चावी बंद केली. आता बॉयलरमधलं पाणी काचेत परत चढायला हवं होतं. आम्ही तिघं बघत राहिलो. काच रिकामी. आत किती पाणी आहे, आहे की नाही, काहीच कळायला मार्ग नव्हता, आणि भट्टी धडधडत होती.

त्यांचा उजवा हात पंपाच्या बटणाकडे गेला. मी तो हात बघितला. सव्वीस वर्षांची सवय होती ती, हात आपणहून गेला. बोट त्या झिजून पांढऱ्या झालेल्या जागेवर टेकलं, आणि तिथेच थांबलं. किती वेळ, कोण जाणे. मला ते बोट आजही दिसतं.

"नाय," ते म्हणाले, कोणाशी ते कळलं नाही, आणि हात मागे घेतला. "बाय, बाहेर जा. मामा, तुम्ही पण. मेन व्हॉल्व्ह बंद करतो."

मी दारापर्यंत गेले आणि तिथूनच बघत राहिले. त्यांनी वाफेचं मोठं चाक फिरवून बंद केलं, लांब आकडा घेतला, भट्टीचं दार उघडलं आणि जळती लाकडं ओढून जमिनीवर काढायला सुरुवात केली. निखारे कोब्यावर पसरत होते. कोयी फुटत होत्या. ते अनवाणी होते.

तोवर कारखान्यात वाफ बंद पडली होती आणि साहेब धावत आले. "गंगाराम! पल्प अर्धा शिजलाय! पंप लाव, वाफ सोड!"

"पाणी दिसत नाय साहेब."

"मग पाणी घाल!"

"घातलं तर पल्प बघायला तुम्ही आणि मी नसू." हे त्यांनी आवाज न चढवता म्हटलं, निखारा ओढता ओढता. साहेब दारातच थांबले. मग त्यांनी माझा दंड धरून मला बाहेर ओढलं, आणि पवारमामांनाही.

त्या दिवशीचा पल्प फुकट गेला. दुसऱ्या दिवशी बॉयलर पूर्ण निवल्यावर उघडला तेव्हा पाणी वरच्या नळ्यांच्या खाली गेलेलं होतं. नळ्या कोरड्या पडल्या होत्या. काचेकडे येणाऱ्या खालच्या वाटेत खाराची एक खपली अडकली होती, बोटाच्या पेरापेक्षा लहान, आणि तिच्यामुळे जुनं पाणी काचेत तसंच कोंडून राहिलं होतं. पाण्याचा जडपणा वाढला की आत खार धरतो. आणि जडपणा मोजणारी मी होते. कित्येक दिवस माझ्या चाचणीत पाणी गुलाबीचं निळं व्हायला रोज थोडे जास्त थेंब लागत होते. मी रोज तो आकडा सुवाच्य अक्षरात रजिस्टरमध्ये लिहीत होते. आकडा काय म्हणतोय ते मला गाइडमुळे पाठ होतं. पण कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.

हे मी गंगारामकाकांना सांगितलं तेव्हा ते घरी बाजेवर होते, दोन्ही पायांना पट्ट्या. तळवे भाजले होते. मला वाटलं ते रागावतील. मी रडायच्या बेतात होते.

"लिहिलेलंस ना?"

"हो."

"मग बोलायचं पण. लिहिलेलं कोण वाचतो गो इकडे?" आणि मग, पायांकडे बघत, "पहिल्या पानावरचं पण खरं निघालं. बूट."

काकू आतून म्हणाल्या, "सव्वीस वर्षं मी सांगत होते, तेव्हा पुस्तक नव्हतं ना माझं!"

पुढची परीक्षा श्रावणात होती. माझं कॉलेज सुरू झालं होतं. परीक्षेच्याच दिवशी त्यांचा फोन आला, मागे एसटी स्टँडवरचा गोंगाट.

"तोच साहेब होता बाय. मला ओळखलान्. म्हणाला, आता तरी समजा, काचेत पाणी दिसेनासं झालं."

"मग?"

"मी म्हटलं, साहेब, आता समजायला नको." थोडा वेळ नुसता गोंगाट. "मग सांगितलं सगळं. पुस्तकातलं. हात कुठे गेला तेपण सांगितलं. तो लिहायचा थांबला. म्हणाला, हात मागे कशाने आला? मी म्हटलं, एका मुलीने दोनदा वाचून दाखवलेलं."

ते म्हणाले, "पास केलान् गो," आणि गाडी लागली म्हणून फोन ठेवला.

नंतर आमचं बोलणं कमी होत गेलं. तसं काही कारण नव्हतं. यंदाच्या चैत्रात, शेवटच्या वर्षाच्या परीक्षेआधी, मी कारखान्यात अनुभवाचा दाखला आणायला गेले. ऑफिसातलं काम झालं आणि मी शेडकडे वळले. पाळी बदलायची वेळ होती. बाहेर पवारमामांची खुर्ची नव्हती. आत भिंतीवर चौकटीत सर्टिफिकेट लावलेलं, आणि त्याखालच्या फळीवर पांढऱ्या कव्हरातलं ते गाइड.

गंगारामकाका दाराशी आले. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं, मी लाकडांच्या राशीआड होते. पायांत काळे सेफ्टी बूट होते. उंबऱ्यावर बसून त्यांनी ते काढले, मोजे काढून बुटांत खोचले, आणि आत जाऊन बॉयलरसमोर अनवाणी उभे राहिले. त्यांच्या टाचांवर भाजल्याच्या जुन्या, गुळगुळीत, फिकट खुणा होत्या. त्यांनी डोळे मिटले. पंप चालू होता. मीही नकळत चपलेतून एक पाय काढून जमिनीवर टेकला. जमीन कोमट होती, थरथरत होती.

हाक मारावी असं वाटलं. पण ते दोन शिट्ट्यांच्या मध्ये होते.

मग त्यांनी डोळे उघडले, काचेकडे बघितलं, मान हलवली, आणि दोन पावलं उलटे येऊन उंबऱ्यावर बसले. मोजे घातले. बूट घातले. पन्नाशीनंतर शिकलेल्या माणसाच्या सावकाशीने एकेक नाडी बांधू लागले, आणि बांधताना त्यांची नजर नाडीवर नव्हती. तिकडे काचेत, अर्ध्याच्या थोडं वर, पाणी हलत होतं.